शरदभाऊ आणि वाकडी रांग

महाल भागातल्या शरच्चंद्र पोतनीसांना नुसतं संशयी म्हणणं म्हणजे नागपूरच्या मे महिन्याला कोमट म्हणणं. दूधवाला दुधात पाणी घालतो असं सगळ्यांनाच वाटतं. शरदभाऊंना वाटे, हा पाण्यातही काहीतरी घालत असणार. संत्री घ्यायला गेले की वरची चांगली फळं बाजूला सारून ते टोपलीच्या तळाशी हात घालत. काटोलचा शेतकरी शपथेवर सांगे, की बगीचा माझा, तोड सकाळची, खाली-वर एकच माल. तरी तळातलं एखादं फळ दाबून पाहिल्याशिवाय यांची पिशवी उघडत नसे. ऑटोवाला जवळच्या रस्त्यानं निघाला, तर त्या बाजूला त्याचंच काहीतरी काम असणार असं धरून ते घरापर्यंत त्याच्या मानेकडे बघत बसत.

महालातल्या एका गल्लीत पोतनीसांचा फोटो स्टुडिओ आहे. बापूजींनी, म्हणजे शरदभाऊंच्या वडिलांनी तो काढला आणि त्यांच्यामागे दोन भावांनी चालवला. थोरले शरदभाऊ फोटो काढत, धाकटा सुमंत व्हिडिओ आणि कॉम्प्युटरचं बघे. पुढे लग्नांमध्ये धूर आणि ड्रोन आले, तेव्हा शरदभाऊंनी लग्नांना रामराम ठोकला. ती सगळी सुमंतकडे गेली. स्वतःकडे त्यांनी एकच मोठं काम ठेवलं, जवळच्या शाळेच्या दहावीचा ग्रुप फोटो. दरवर्षी थंडी सरता सरता, निरोप समारंभाच्या दिवशी, मैदानात तीन रांगा लागत आणि शरदभाऊ डावा डोळा घट्ट मिटून, उजवा कॅमेऱ्याला लावून उभे राहत. पोतनीसांच्या फोटोतली रांग म्हणजे पट्टी ठेवून ओढलेली रेघ, असं महालात म्हणत. ज्या पोरांना त्यांनी उभं केलं होतं, त्यांचीच पोरं आता त्याच मैदानात उभी राहत होती.

हा एक फोटो हातून गेला की आपण स्टुडिओत पंख्याखाली बसून येणाऱ्याला ‘बसा’ म्हणणारे म्हातारे, हे शरदभाऊंना पक्कं ठाऊक होतं. त्याची त्यांना मनापासून भीती वाटे. आणि तो फोटो सुमंतला हवाय, असा त्यांना वर्षभरापासून दाट संशय होता.

पुरावेही होते की! ते जवळ गेले की सुमंत लॅपटॉपची स्क्रीन जराशी खाली करी. बाहेरच्या कामाला तो हल्ली न बोलावता सोबत येई आणि यांच्या खांद्यामागे उभा राहून स्वतःच्या कॅमेऱ्यानं तेच फोटो काढी. विचारलं तर म्हणे, “असंच गा दादा. बॅकअप.” त्यातून एकदा ते स्वयंपाकघरात शिरले, तर सुमंत आणि शरदभाऊंची बायको यमुताई हळू आवाजात बोलत होते. यांना पाहून दोघंही गप्प झाले आणि यमुताई एकदम भेंडी चिरायला लागल्या.

“काय कुजबुजून राहिली वं सुमंतसोबत?” त्यांनी विचारलं.

“भेंडी महाग झाली म्हणत होतो,” यमुताई म्हणाल्या.

सुमंतला भेंडी आवडत नाही, हे शरदभाऊंना त्याच्या लहानपणापासून माहीत होतं. पाणी कुठंतरी मुरत होतं.

अशात सुमंतनं नवा कॅमेरा आणला. जरीपटका भागातल्या दुकानातून आणला आणि यांच्यासमोर टेबलावर ठेवला. हातात घेतला तर वजनच नाही. शरदभाऊंनी आत डोकावून पाहिलं.

“यातला आरसा कुठी गेला?”

“आरसा नसतेच यात. मिररलेस आहे.”

जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा असतो. समोरचं दृश्य लेन्समधून येतं, आरशावरून वर जातं आणि डोळ्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा खटकन वर उडतो आणि फोटो निघतो. तो खटका शरदभाऊंच्या हाडात बसलेला होता. नव्यात डोळा लावायच्या जागी आत एक इवलीशी स्क्रीन. म्हणजे आपण समोरचं पाहायचंच नाही, कॅमेरा जे दाखवील ते पाहायचं. बातम्यांवर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाला हा टीव्ही डोळ्याला लावायला सांगणं जरा जास्तच होतं.

“अन् बापूजींची लेन्स? ती काय भंगारात द्यायची?”

बापूजींच्या फिल्मच्या कॅमेऱ्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स शरदभाऊ अजून वापरत. ग्रुप फोटो तिच्याशिवाय काढायचा नाही, असा त्यांचा नेम होता. सुमंतनं खिशातून धातूची एक कडी काढली. “हा ॲडाप्टर. कॅमेऱ्याले ही लावायची, हिच्यावर तुही लेन्स. बसते बरोबर.”

शरदभाऊंनी कडीतून बोट आरपार घातलं. “यात तं काचच नाही. मग हिचं काम काय?”

“आरसा गेला म्हणून कॅमेरा पातळ झाला ना. लेन्सले मागं जितकं अंतर लागते, तितकं ही भरून काढते.”

“म्हणजे नुसती जागा अडवायले?”

“हो, तसंच समज. अन् पाह्य, फोकस लागला की चेहऱ्याच्या कडा लाल दिसतात. हे बटण दाबलं की चेहरा मोठा होऊन दिसते.”

“काहून? मले चेहरे दिसत नाही का?”

सुमंत क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “तसं नाही गा. सोय आहे, म्हणून सांगून राहिलो.”

ते गप्प राहणं शरदभाऊंनी बरोबर टिपलं. हा आपल्याला असं यंत्र देतोय जे आपल्याला वापरता येणार नाही, मग शाळेत फजिती होईल, मग हा म्हणेल, राहू दे दादा, मी काढतो. डाव त्यांना आरशासारखा स्वच्छ दिसला. आपण तो हाणून पाडायचा, नवाच कॅमेरा घेऊन बापूजींच्या लेन्सनं असा फोटो काढायचा की सुमंतचं तोंड बंद झालं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

निरोपाच्या दिवशी मैदानात कोवळं ऊन होतं. पुढे खुर्च्यांवर शिक्षक, मागे उभी रांग, तिच्यामागे बाकांवर चढलेली रांग. वर्गशिक्षिका सोनिका मॅडम याच शाळेच्या, शरदभाऊंच्याच फोटोत कधीकाळी दोन वेण्या घालून उभ्या राहिलेल्या. सुमंत नेहमीसारखा खांद्यामागे. शरदभाऊंनी डावा डोळा मिटला आणि उजवा लावला.

आत स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी होती. मधली आडवी रेघ मधोमध खाली दबलेली.

“सुमंत, तुह्या कॅमेऱ्यातली रेघच वाकडी आहे.”

“कोणती रेघ?”

“ही मधली. अन् बाकीच्याही, पाहिल्या की वाकतात.”

सुमंतनं कॅमेरा घेऊन आत पाहिलं. मग यांच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं जाळी बंद करून कॅमेरा परत दिला. पकडला गेला, शरदभाऊ मनात म्हणाले.

रेघा गेल्या, पण आता बाकावरची रांगच मध्ये दबलेली दिसू लागली. “मधले पोट्टे गुडघे वाकवून राहिले! सरळ उभे राहा!” पोरांनी गुडघे ताणले. रांग दबलेलीच. मग शरदभाऊंचा संशय बाकावर गेला, बाकावरून मैदानावर गेला. त्यांनी मधल्या बाकाखाली विटा ठेवायला लावल्या. पुन्हा डोळा लावला. मध्य जरा बरा वाटला, पण डावीकडे नजर गेली तर खड्डा तिकडे सरकलेला! तिकडेही विटा. उजवीकडे पाहिलं तर तिथंही तेच. आता पोरं खिदळायला लागली होती, मुख्याध्यापक सारखे घड्याळ बघत होते.

“दादा,” सुमंत हळूच म्हणाला, “रांग सरळच होती गा पहिले.”

“तू चूप राय. मले नको शिकवू रांग.”

विटांवरच्या विटांवर रांग एकदाची त्यांच्या मनासारखी झाली आणि त्यांनी बटण दाबलं. खटका झाला नाही. नुसता बारीकसा आवाज, कुणीतरी हळूच चुकचुकल्यासारखा.

सोनिका मॅडमनी कौतुकानं कॅमेऱ्याच्या मागची स्क्रीन पाहिली आणि त्या घुटमळल्या. “भाऊ, मधली मुलं जरा उंच झाली वाटते.”

शरदभाऊंनी पाहिलं. मधली पोरं टेकडीवर चढल्यासारखी वर, डावं टोक वर, कुणाच्या पायाखाली विटा दिसतायत. चेहरे मात्र लख्ख. पोतनीसांच्या इतक्या वर्षांच्या कारभारात असला फोटो निघाला नव्हता. लाजेनं त्यांचे कान तापले आणि त्या लाजेचा राग व्हायला वेळ लागला नाही.

“हा डबा माझ्या भावानं आणला मॅडम!” ते सगळ्यांदेखत ओरडले. “आत दाखवते एक अन् काढते दुसरंच! मधात कडी घातली, तिनं रांग वाकवली. मुद्दाम केलं यानं, मुद्दाम!”

सुमंतनं मान खाली घातली. “हो मॅडम. माझ्याकडूनच सेटिंगमध्ये गडबड झाली. फोटो मिळून जाईल तुम्हाला, काळजी करू नका.”

न भांडता चूक कबूल करणाऱ्या माणसाइतका संशयास्पद माणूस शरदभाऊंच्या लेखी दुसरा नव्हता. घरी आल्यावर त्यांनी अबोला धरला. यमुताई समजवायला गेल्या तर म्हणाले, “तू भेंडी चीर.”

आणि मग पानठेल्यावर एका मुलाच्या वडिलांनी त्यांना गाठलं. “वा शरदभाऊ! रांग म्हणजे रांग! हात तो हातच.” त्यानं मोबाइल पुढे केला. शाळेनं सगळ्यांना पाठवलेला ग्रुप फोटो. रांग सुतासारखी सरळ, बाकाखाली एक वीट नाही. म्हणजे विटा यायच्या आधी, खांद्यामागून काढलेला. सुमंतचा. आणि खाली नाव छापलेलं होतं, छायाचित्र : शरच्चंद्र पोतनीस.

शरदभाऊंनी ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं. चोरी समजू शकते. पण चोरानं चोरीचा माल आपल्या घरात का आणून ठेवावा? यात तर आणखीच खोल डाव असला पाहिजे, असं त्यांना वाटलं, पण कोणता ते काही केल्या सुचेना. सुमंत साखरपुड्याच्या कामाला काटोलला गेला होता. मग त्यांनी नवा कॅमेरा, त्याची लेन्स, जुना कॅमेरा, बापूजींची लेन्स, कडी, सगळं एका पिशवीत भरलं आणि ऑटो करून थेट जरीपटका गाठलं. आधी दुकानदाराला पकडायचं, मग भावाला.

दुकान ऋषी नावाच्या माणसाचं. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. गिऱ्हाइकाला चहा पाजणारा दुकानदार काहीतरी लपवत असतो, म्हणून शरदभाऊंनी कपाला हात लावला नाही.

“ये कडी नकली है,” त्यांनी सुरुवात केली. “इससे सीधी चीज टेढी दिखती है.”

समोर रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाचं शटर होतं, आडव्या पट्ट्यांचं. शरदभाऊंनी कॅमेरा त्यावर रोखला. पट्ट्या मध्ये दबल्या. “देखो!” ऋषीनं पाहिलं. “सीधा तो है अंकल.” तो तसंच म्हणणार, हे यांनी आधीच धरलं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं कडी आणि बापूजींची लेन्स काढली, नव्या कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स लावली. पट्ट्या दबलेल्याच. म्हणजे कडी निर्दोष सुटली, कॅमेरा गुन्हेगार. त्यांना बरं वाटलं. आता पक्का पुरावा हवा म्हणून त्यांनी पिशवीतून आपला जुना, आरशाचा, इमानदार कॅमेरा काढला, त्याला बापूजींची लेन्स लावली आणि डोळा लावला.

पट्ट्या दबलेल्या.

शरदभाऊंनी डोळा काढला नाही. नवा खोटा, हे ठीक. पण जुनाही? दोन कॅमेरे, दोन लेन्स, एक कडी, सगळे एकमेकांना सामील? त्यांनी या शक्यतेचाही थोडा विचार केला, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. मग त्यांनी कॅमेरा हळूच खाली घेतला. डावा डोळा सवयीनं मिटलेलाच होता. समोर उघड्या रस्त्यापलीकडे शटर होतं, मध्ये ना काच होती ना कडी, आणि पट्ट्या मधोमध दबलेल्या होत्या.

त्यांनी डावा डोळा उघडला, उजवा मिटला. शटर सरळ. पुन्हा उजवा उघडला, शटर वाकलं. ते उभ्या उभ्या एक डोळा मिटत, दुसरा उघडत राहिले. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायांना वाटलं म्हातारा डोळे मारतोय, त्या काहीबाही बोलत निघून गेल्या. शरदभाऊंना ऐकू आलं नाही. ते ऋषीकडे वळले. उजव्या डोळ्यानं त्याचे कान दिसत होते, केस दिसत होते, आणि नाकाच्या जागी ओल्या बोटानं पुसल्यासारखा एक डाग होता.

ते घाबरले. मागे सरून खुर्चीत बसले. आयुष्यभर त्यांनी प्रत्येकावर संशय घेतला, पण कॅमेऱ्याला लावायच्या डोळ्यावर घ्यायचं कधी सुचलंच नव्हतं. दोन्ही डोळे उघडे असले की डावा गुपचूप सांभाळून घेत होता. एकटा उजवा वापरायचा तो फक्त फोटो काढताना, आणि तेव्हा जे बिघडे ते लेन्सचं, उजेडाचं नाही तर भावाचं असे.

“अंकल, पानी पिओ,” ऋषी म्हणाला. मग जरा अडखळून बोलला, “सुमंतभाई ने बोलने को मना किया था. पिछले साल से चक्कर लगा रहे थे मेरे यहाँ. बोले, दादा को फोकस पकडने में तकलीफ हो रही है, फोटो हिले हुए आ रहे हैं, लेकिन वो मानेंगे नहीं. और पिताजी की लेन्स छोडेंगे नहीं. ऐसा कुछ दो जिसमें वो लेन्स लगे और चेहरा बडा करके दिखे. हाथ जोडे उन्होंने मेरे सामने, कि उनको पता नहीं चलना चाहिए.”

शरदभाऊ पाणी प्यायले. हा माणूस खोटं का बोलत असेल, याचं कारण त्यांनी जुन्या सवयीनं शोधून पाहिलं. सापडलं नाही. मग एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली. लॅपटॉपची स्क्रीन खाली व्हायची ती यांचे पुसट फोटो यांना दिसू नयेत म्हणून. खांद्यामागचा बॅकअप यांच्याच नावानं गिऱ्हाइकाला जात होता, एका शाळेचाच नाही, वर्षभराचा. स्वयंपाकघरात दोघं बोलत होते ते यांना सांगायचं कसं आणि कुणी. शाळेच्या मैदानात, पोरांसमोर, ज्याला त्यांनी चोर ठरवलं होतं, तो मान खाली घालून उभा होता. ते आठवलं आणि शरदभाऊंना दुकानातच रडू आलं.

ऋषीनं फोन केला. सुमंत साखरपुडा सोबतच्या माणसावर सोपवून काटोलहून निघाला आणि तसाच जरीपटक्याला आला. “चाल,” एवढंच सुमंत म्हणाला आणि यांची पिशवी त्यानं आपल्या खांद्यावर घेतली.

धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी औषध घालून तपासलं, यंत्रावर हनुवटी टेकवून फोटो घेतला आणि तो समोर धरला. डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली पाणी साचलं होतं, त्यामुळे पडदा मधोमध उचलला गेला होता. “इंजेक्शनं घ्यावी लागतील,” त्या म्हणाल्या. “लगेच सुरू करू. आहे ते टिकवायचा प्रयत्न करता येईल. पण मधलं जे गेलंय ते बहुतेक परत येणार नाही. या डोळ्यानं आता बारीक काम होणार नाही. डावा अजून चांगला आहे, त्यावर मात्र लक्ष ठेवा.”

“फोटोचं काम?” शरदभाऊंनी विचारलं.

“या डोळ्यानं नाही.” मग त्या जरा चिडूनच म्हणाल्या, “मागच्या वर्षी आला असतात ना, तर बरंच वाचवता आलं असतं. हे एका दिवसात होत नाही.” आणि त्या सुमंतकडे वळल्या. “तुम्ही भाऊ ना यांचे? एकाच दुकानात बसता, रोज बरोबर काम करता. इतक्या दिवसांत तुमच्या काहीच लक्षात आलं नाही?”

मैदानात घातली होती तशीच सुमंतनं मान खाली घातली. तो हाही आळ घेणार, हे शरदभाऊंना दिसलं. आपण नुसतं गप्प बसलो की पुरे, तो घेईल आणि घरी जाऊन कुणाला बोलणारही नाही.

“त्याले नका बोलू डॉक्टर,” शरदभाऊ म्हणाले. “त्याच्या लक्षात आलं होतं. सगळ्यांच्याच आलं होतं. मले सांगायची सोय नव्हती.”